मेडिकल स्कूलच्या मॉक इंटरव्ह्यूचं पॅकेज : पैसे कुठे वसूल झाले, कुठे पाण्यात गेले

लेक यंदा इथल्या मेडिकल स्कूल्सना अर्ज करत होती, म्हणून आम्ही एका कंपनीचं मॉक इंटरव्ह्यूचं पॅकेज घेतलं. कंपनीचं नाव देत नाही. न्यू जर्सीत अशांचा सुळसुळाट आहे आणि माहितीपत्रक सगळ्यांचं एकाच छापाचं. बाराशे डॉलरमध्ये झूमवर मॉक इंटरव्ह्यू, त्यांची रेकॉर्डिंग्ज, लेखी अभिप्राय आणि वर ‘ॲक्टिव्हिटीज वर्कशॉप’. खरं तर या शेवटच्या गोष्टीसाठीच आम्ही कार्ड बाहेर काढलं. मार्क आणि एमकॅट (इथली मेडिकलची प्रवेश परीक्षा) कागदावर असतातच, मुलाखतीत त्यांची फारशी चौकशी होत नाही. बोलायचं असतं ते बाकीच्या उद्योगांवर.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. तिकडे नीटचे ७२० पैकी किती पडले यावर जवळपास सगळं ठरतं. एएफएमसीसारखा एखादा अपवाद सोडला तर मुलाखत कोणाच्या वाट्याला येत नाही. माझ्या वेळी तर पीसीबीची बेरीज केली की भविष्य कळायचं. इथे वर्षाला ५० हजारांहून जास्त मुलं एमडीसाठी (इथे डॉक्टरकीची पहिलीच पदवी एमडी) अर्ज करतात आणि जागा आहेत २३ हजारांच्या आसपास. सामायिक अर्जात, म्हणजे ॲमकासमध्ये, जास्तीत जास्त १५ ॲक्टिव्हिटीज लिहिता येतात. प्रत्येकीला ७०० कॅरेक्टर, स्पेस धरून. त्यातल्या तीनपर्यंत ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडता येतात, त्यांना आणखी १३२५. किती तास केलं आणि खात्री करायची तर कोणाला विचारायचं, तेही लिहायचं. बऱ्याच कॉलेजांत मुलाखत घेणाऱ्यापुढे ही यादी असते. तो जिथे बोट ठेवेल तिथून मुलांनी बोलायचं.

आमच्या लेकीच्या तीन होत्या : गावातल्या रेस्क्यू स्क्वाडमध्ये ईएमटी म्हणून, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर तातडीचे उपचार करणारी म्हणून, व्हॉलंटियरिंग, कॉलेजच्या लॅबमधलं काम आणि ढोल पथक. शाळेत सोडून दिलेलं व्हायोलिन, कराटेचे पट्टे वगैरे तिने यादीत घेतलेच नव्हते. कॉलेजात जे चालू नाही त्याला इथे फारसं कोणी विचारत नाही, हे तिला माहीत होतं. मंडळात भेटणाऱ्या आईवडिलांना मात्र ते पटता पटत नाही. रकाने १५ आहेत म्हणजे १५ भरलेच पाहिजेत, असा आपल्याकडे एक समज आहे.

पहिला इंटरव्ह्यू घेणारा मुलगा स्वतःच अजून मेडिकलला शिकत होता. वागायला अगदी सालस. पण त्याच्याकडे एकच चार खणांचा डबा होता : परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. जे येईल ते त्यात कोंबायचं. ढोलाबद्दल त्याचा सल्ला असा, की ‘भारतीय वाद्यवादन’ एवढं म्हण आणि लगेच लीडरशिपवर ये. ॲम्ब्युलन्सचं विचारलं तेव्हा त्याला जीव वाचवल्याची गोष्ट हवी होती. लेक म्हणाली, बहुतेक कॉल पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना उचलून बसवण्याचे असतात. तो म्हणाला, मग त्यातला सगळ्यात नाट्यमय निवड. लेकीने नंतर मला रेकॉर्डिंग दाखवलं. शेवटी शेवटी ती पाठांतर स्पर्धेत उभी असल्यासारखी बोलत होती. लेखी अभिप्रायात काय आलं? ‘छान ऊर्जा. थोडं जास्त हसावं.’

मी ईमेल लिहिला, जरा कडकच. त्यांनी मुकाट्याने माणूस बदलून दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

दुसरे निवृत्त बालरोगतज्ज्ञ होते, पूर्वी एका कॉलेजच्या प्रवेश समितीवर काम केलेले. त्यांनी अर्ज आधी वाचला होता. पहिलाच प्रश्न : ढोल वाजवतेस म्हणजे हातांनी नेमकं काय करतेस? लेकीने सांगितलं, ढोल कमरेला बांधलेला, एका पानावर टिपरू, दुसऱ्यावर हाताचा पंजा, आणि चाल कधी बदलायची ते ताशावाला ठरवतो. मग त्यांनी विचारलं, बिघडतं कुठे? मागच्या रांगा मागे पडतात, ती म्हणाली. का? पार्किंग लॉटमध्ये रांगा लांबवर जातात, ताशाचा आवाज मागे पोचेपर्यंत क्षणभर उशीर होतो, आणि दुकानांच्या भिंतीवरून येणारा प्रतिध्वनी आणखी गोंधळ घालतो. मग काय केलंत? सरावाला एक ताशा मधल्या रांगेत उभा केला आणि मागच्यांना सांगितलं, कानावर जाऊ नका, पुढच्याच्या टिपरूकडे बघा. कोणाला पटलं नाही? इथे ती थांबली. पथकातल्या एका जुन्या दादांना पटलं नव्हतं. ताशा पुढेच असतो म्हणजे असतो. शेवटी असं ठरलं, की सरावाला ताशा मध्ये आणि मिरवणुकीत पुढे. मिरवणुकीत मग मागची रांग पडली का? थोडी पडली, ती हसून म्हणाली.

हा सगळा भाग जेमतेम सहा-सात मिनिटांचा असेल, पण पॅकेजचे पैसे इथे वसूल झाले. ज्येष्ठांशी मतभेद, तडजोड, अर्धवट जमलेला उपाय, सगळं त्यात आपसूक आलं आणि ‘लीडरशिप’ हा शब्द एकदाही उच्चारावा लागला नाही. चौथ्या-पाचव्या ‘मग?’पर्यंत उत्तर शिल्लक असलं म्हणजे ते काम मुलीने खरंच केलेलं आहे. तासांचा आकडा काय, कोणीही फुगवतो.

ॲम्ब्युलन्सचंही त्यांनी उलट्या बाजूने विचारलं : ज्या रात्री एकही कॉल येत नाही, त्या रात्री काय करता? ऑक्सिजन सिलिंडरचं प्रेशर बघणं, सक्शन मशीन चालतंय का ते तपासणं, मुदत संपलेल्या वस्तू काढून टाकणं, ग्लोव्हजच्या मापांवरून होणारी भांडणं. एका पेशंटबद्दल सांगताना मात्र त्यांनी तिला मध्येच तोडलं. नाव घेतलं नव्हतंस, ते म्हणाले, पण वय, रस्ता आणि आजार एका वाक्यात सांगितलास. छोट्या गावात तेवढ्यावरून माणूस ओळखता येतो. मुलाखतीत गोपनीयतेचं भान सुटलेलं लगेच दिसतं. हे मला सुचलं नसतं, आणि मी स्वतः फार्मसीत काम करते.

आता एमएमआयबद्दल, म्हणजे ‘मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू’बद्दल, कारण इथे कंपनीने चक्क फसवलं. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून आली. एकामागून एक छोट्या स्टेशनांवर जायचं, दाराबाहेर प्रसंग वाचायला दोनेक मिनिटं आणि आत बोलायला आठेक मिनिटं. आत बसलेल्याकडे तुमची फाइल सहसा नसते. त्याच्यासाठी ना पथक, ना लॅब. टीममधला एकजण सतत दांड्या मारतोय, काय करशील, असा प्रसंग आला तर पथकातला अनुभव दोन वाक्यांत आधाराला घ्यायचा आणि परत प्रसंगावर यायचं. आमच्या ‘एमएमआय सेशन’मध्ये मात्र नेहमीचेच प्रश्न, फक्त घड्याळ लावून. ‘तुझ्या आवडत्या ॲक्टिव्हिटीबद्दल सांग’ हे काही स्टेशन झालं नाही. तक्रार केल्यावर पुढच्या बुकिंगवर सवलत देऊ केली. घेतली नाही.

वर्कशॉप म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ आणि सोबत एक पीडीएफ. त्यातला निम्मा मजकूर चार खणांचाच. त्यावर जास्त लिहीत नाही.

घ्यायचंच असेल तर अख्खं पॅकेज घेऊ नका, सुटं सेशन मिळतं का विचारा. आमच्या कंपनीत ते होतं, फक्त वेबसाइटवर खाली दडवलेलं. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी ईमेलवर लेखी मागा : मुलाखत घेणारा माणूस कधी प्रवेश समितीवर होता का, आणि तो मुलाचा अर्ज आधी वाचणार का. रेकॉर्डिंग बघायचं की नाही ते मुलांना ठरवू द्या. आमचीने दाखवलं, पण मी खोलीत बोलायचं नाही या अटीवर.

कंपनीला पाचपैकी दोन स्टार. डॉक्टरसाहेबांना वेगळे देता आले असते तर पाच दिले असते.