पॅकिंग क्यूब: आठ महिने आणि तीन सहलींनंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या आधी लक्ष्मी रोडवरून सहा कापडी पाऊचचा एक संच घेतला. दुकानदार त्याला पॅकिंग क्यूब म्हणतो, आमची आई ‘पिशवीतल्या पिशव्या’ म्हणते, आणि घरात आईचेच नाव रूढ झाले आहे. आई, आम्ही दोघे आणि दोन मुले अशा पाच जणांचे सामान आतापर्यंत तीन सहलींना या पाऊचमधून गेले आणि परत आले.

पहिली सहल हरिहरेश्वरची, ताम्हिणी घाटातून, स्वतःच्या गाडीने. गाडी सीएनजीची असल्यामुळे डिकी नावालाच आहे. टाकीपुढे उरलेल्या जागेत कडक कवचाची ट्रॉली उभी, आडवी, कशीही घातली तरी बसत नाही. पाऊच मात्र टाकीच्या कडेने, सीटखाली, पायांपाशी असे सुटे सुटे कोंबता आले. आमची चूक झाली ती वाटणीत. प्रत्येकाचा एक रंग असे मोठ्या हौसेने ठरवले होते. परंतु समुद्रावरून आल्यावर सगळ्यांनाच एका वेळी कोरडे कपडे हवे असतात, त्यामुळे पाचही पाऊच उघडले गेले आणि दहा मिनिटांत खोलीभर पसारा झाला. तेव्हापासून आम्ही माणसागणिक न भरता मुक्कामागणिक भरतो, म्हणजे एका रात्रीचे सगळ्यांचे कपडे एका पाऊचमध्ये. वाटेत एकाच रात्रीचा थांबा असेल तर तेवढाच पाऊच खोलीवर न्यायचा, बाकीचे सामान गाडीत राहते. ओल्या कपड्यांना मात्र हे पाऊच निरुपयोगी आहेत. जाळीतून खारे पाणी झिरपून खालच्या कोरड्या कपड्यांनाही वास लागला; त्या कामाला दुधाची धुतलेली मोठी पिशवीच बरी.

नाताळच्या सुट्टीत झेलम एक्सप्रेसने आग्र्याला गेलो. संचातल्या दोन पाऊचना कडेने दुसरी चेन आहे, ती ओढली की आतली हवा दबून पाऊच निम्मा होतो. स्वेटर, शाली, कानटोप्या यांच्यासाठी ही सोय खरोखर कामाची, कारण लोकरीच्या कपड्यात हवाच अधिक असते. बर्थखाली दोन बॅगा सहज सरकल्या. दात घासण्याचे सामान, आईची औषधे, पातळ चादरी आणि मुलांचे रात्रीचे कपडे एका पाऊचमध्ये वेगळे काढून वरच्या बर्थवर ठेवले होते, त्यामुळे अंधारात साखळी सोडून बॅग ओढण्याची वेळ आली नाही. परतीच्या आदल्या रात्री मात्र घाईत चेन ओढताना तिचा रनरच हातात आला. गल्लीतल्या चेन दुरुस्त करणाऱ्याने 30 रुपयांत नवा बसवून दिला आणि ‘इतकं ठासून भरू नका’ हेही वर फुकट सांगितले.

त्याचे म्हणणे मे महिन्यात नीट पटले. हिमाचलला जाताना दिल्लीपर्यंत विमान होते. देशांतर्गत प्रवासात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या माणशी 15 किलो चेक-इन आणि 7 किलो हातातले सामान नेऊ देतात. दाबून बसवलेली बॅग दिसायला आटोपशीर होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. आदल्या रात्री हुकाच्या वजनकाट्याला अडकवली, तर 19 किलो 400 ग्रॅम. दाबल्याने जागा वाचते, वजन जिथल्या तिथेच राहते, आणि वाचलेल्या जागेत माणूस आणखी काहीतरी घालतो. रात्री अकरा वाजता बॅग उपसली तेव्हा तळाशी बुटांचे दोन जास्तीचे जोड आणि लाडवांचा स्टीलचा डबा निघाला. लाडू कागदी खोक्यात घालून हातातल्या बॅगेत गेले, डबा घरी राहिला. त्याच वेळी चेक-इनच्या बॅगेतली पॉवर बँकही सापडली. ती लिथियम बॅटरीमुळे हातातल्या सामानातच न्यावी लागते. आता प्रत्येकाच्या कपड्यांचा एक तरी जोड दुसऱ्या बॅगेत टाकतो, म्हणजे एखादी बॅग उशिरा आली तरी कोणीच अडत नाही.

सुती साड्यांना दाबाचे पाऊच देऊ नयेत. आईची साडी मनालीत उघडली तेव्हा तिच्यावर चुण्यांचे जाळे उमटले होते आणि हॉटेलात इस्त्री नव्हती. आता तिच्या साड्या जुन्या ओढणीत सैल गुंडाळून साध्या पाऊचमध्ये सर्वांत वर जातात.

पुन्हा घ्यायचे झाले तर सहाचा संच घेणार नाही. मधल्या आकाराचे चार साधे आणि लोकरीसाठी दाबाचा एक एवढे आमच्या पाच जणांना पुरतात. संचातला सर्वांत लहान पाऊच आठ महिन्यांत चार्जरच्या वायरींपलीकडे कशालाही उपयोगी पडलेला नाही. मात्र वजनकाटा पाऊचच्याही आधी घ्यावा. आमचा शेजारच्या दोन बिऱ्हाडांत फिरत असतो आणि आमच्या सहलीच्या आदल्या दिवशी तो परत मागून आणावा लागतो.