ट्रेलरचे टायर बदलताना: वरची लोड रेंज, मोठा आकार की एलटी?

ओढत्या कॅम्पिंग ट्रेलरचा टायर फुटला की बहुतेक जण कंपनीच्या नावाने बोटं मोडतात आणि दुसऱ्या कंपनीचा तसाच टायर चढवतात. मला हे अर्धवट वाटतं. त्या चाकावर खरा भार किती येतो आणि टायरकडे त्यापुढे किती क्षमता शिल्लक राहते, हे आधी पाहायला हवं.

अमेरिकी बनावटीच्या ट्रेलरवर सर्रास दिसणारी जोडी घ्या. एक्सल (दोन चाकं जोडणारा आस) ३,५०० पौंड भार पेलणारा आणि त्यावर एसटी २०५/७५ आर १५ आकाराचे, लोड रेंज सीचे दोन टायर. लोड रेंज म्हणजे टायरच्या भारक्षमतेची श्रेणी; सीच्या वर डी, त्यावर ई. एसटी म्हणजे 'स्पेशल ट्रेलर', फक्त ओढल्या जाणाऱ्या चाकांसाठी बनवलेला टायर. ५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) हवेच्या दाबाला असा एक टायर जास्तीत जास्त १,८२० पौंड, म्हणजे साधारण ८२५ किलो उचलतो. दोघांचे मिळून ३,६४० पौंड होतात. एक्सल पूर्ण भरला तर हाताशी राहतात जेमतेम १४० पौंड, चार टक्के. तेही भार दोन्ही बाजूंना अगदी सारखा असेल तरच. प्रत्यक्षात ओटा, फ्रिज आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला आली की त्या बाजूचा टायर मर्यादेबाहेर जातो, आणि काट्यावर फक्त एकूण वजन पाहणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून सामान भरून, प्रत्येक चाकाचं वजन वेगळं करून घ्या. हे केल्याशिवाय पुढची कोणतीही तुलना अंदाजावरच राहते.

टायरला मारते ती उष्णता. भार जास्त किंवा हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, आतून तापते आणि टायरच्या आतल्या मजबुतीच्या पट्ट्यांमधली पकड सुटत जाते. दोन एक्सलच्या ट्रेलरला आणखी एक त्रास असतो. अरुंद वळणावर त्याची चाकं वळत नाहीत, आडवी घासली जातात आणि तो पीळ थेट पट्ट्यांवर येतो. म्हणूनच नक्षी नव्यासारखी असतानाही ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा थर, सोलून निघतो. नक्षी पाहून ट्रेलरच्या टायरचं वय ठरवू नका. साइडवॉलवर 'डीओटी' अक्षरांपुढे छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच-सहा वर्षं झाली की मी तरी नवा टायर घ्यायला सांगेन.

आता पर्याय.

त्याच आकारात लोड रेंज डी. बहुतेकांसाठी हाच सर्वांत सरळ मार्ग. ६५ पीएसआयला क्षमता २,१५० पौंड, म्हणजे वरच्याच एक्सलवर राखीव चार टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर जाते. पण ही वाढ हवेतून येते. डी टायरमध्ये ५० पीएसआयच भरली तर तो सीइतकाच, १,८२० पौंड उचलतो. नवा टायर आणि जुना दाब, हा पैसा वाया घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. जास्त दाबाला आणि भाराला रिमची परवानगी आहे का, तेही बघा. साधा रबरी व्हॉल्व्ह साधारण ६५ पीएसआयपर्यंतच असतो. ८० पीएसआयच्या ई रेंजसाठी धातूचा किंवा जास्त दाबाचा व्हॉल्व्ह लागतो.

मोठा आकार. एसटी २२५/७५ आर १५ मध्ये सी २,१५०, डी २,५४० आणि ई २,८३० पौंड उचलतो. आकडे मोहात पाडणारे आहेत. मात्र टायरचा व्यास ३० मिलिमीटरने वाढतो. शेजारच्या चाकापासून आणि वरच्या पत्र्यापासूनचं अंतर मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

एलटी, म्हणजे लाइट ट्रकचा टायर. १६ इंची चाकाच्या जड ट्रेलरसाठी याची खूप शिफारस होते, आणि ती निराधार नाही. अमेरिकेत एलटी टायरला नव्या, कडक चाचण्या लागू आहेत. एसटी अजून जुन्याच नियमांत आहे. पण त्याच २३५/८५ आर १६ ई आकारात एसटी ३,६४० पौंड उचलतो, एलटी ३,०४२. एसटीचा मोठा आकडा मुळात ताशी ६५ मैल, म्हणजे १०५ किलोमीटर वेग गृहीत धरून ठरलेला आहे. ७,००० पौंडांच्या एक्सलवर प्रत्येक चाकाला ३,५०० येतात. तिथे एलटी बसवणं सरळ धोका आहे. ५,२०० पौंडांच्या एक्सलवर मात्र १७ टक्के राखीव मिळते, तिथे मी एलटीच निवडेन.

कारचा टायर तर नकोच. अमेरिकी नियमानुसार ट्रेलरवर त्याची क्षमता १.१० ने भागून धरावी लागते, शिवाय साइडवॉल मऊ.

टायरवरचं कमाल वेगाचं अक्षरही वाचा: एल म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एम म्हणजे १३०. अक्षर वरचं असलं म्हणून भार वाढवता येत नाही.

कोणताही पर्याय घेतला तरी टायर थंड असताना हवा तपासा. तापलेल्या टायरची वाढलेली हवा काढू नका. दाब दाखवणारे सेन्सर बसवायचा खर्च मला पूर्णपणे योग्य वाटतो, कारण मागे ट्रेलरच्या चाकाची हवा उतरलेली चालकाला गाडीत जाणवत नाही.

आणि दोन एक्सलच्या ट्रेलरचा एक टायर फुटला तर त्याच बाजूचा दुसराही संशयित धरा. स्टेपनी लावेपर्यंत त्याने जवळपास दुप्पट ओझं वाहिलेलं असतं; वरून धड दिसला तरी तोही बदला.