गॅस भरण्याआधीचं काम शिकवणारा विद्यार्थी चॅप्टर

बडोद्यात एसी बसवणारे खंडीभर, व्हॅक्यूम नीट काढणारे, म्हणजे गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून घेणारे, मोजके. इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एअर कंडिशनिंग इंजिनिअरांच्या संस्थेचा विद्यार्थी चॅप्टर, म्हणजे विद्यार्थ्यांची शाखा, आहे. त्याची स्प्लिट एसीची कार्यशाळा नेमकी हीच उणीव भरून काढते. मेकॅनिकलच्या मुलांनी सभासद व्हावं ते यासाठी. पाहुण्यांची भाषणं आणि प्रमाणपत्रं नंतर.

फ्लेअरिंग, म्हणजे नटाने जोडण्यासाठी नळीचं तोंड फाकवणं, मुलांच्याच हातून करून घेतात. तांब्याची नळी कापल्यावर आतली धार काढायची, तीही तोंड खाली धरून, म्हणजे कीस आत पडत नाही. नट टॉर्क रेंचने आवळायचा, पाव इंची नळीला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर. जास्त आवळलं की फ्लेअर पातळ होऊन चिरतो. मग कोरड्या नायट्रोजनने दाबाची चाचणी. ऑक्सिजन कधीच नाही. दाबाखाली तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

सगळ्यात सकस भाग व्हॅक्यूमचा. मॅनिफोल्डचा, म्हणजे नेहमीच्या दाबमापकाचा, काटा उणे ३० इंचांवर गेला की बरेच मेकॅनिक पंप बंद करतात, पण आत उरलेला ओलावा त्या काट्यावर कळत नाही. इथे मायक्रॉन गेज, म्हणजे व्हॅक्यूम बारकाईने मोजणारं मापक, लावून ५०० मायक्रॉनच्या खाली उतरतात, व्हॉल्व्ह बंद करतात आणि आकड्याकडे बघत बसतात. थोडा चढून स्थिरावला तर आत ओलावा, चढतच राहिला तर गळती. कॉम्प्रेसरमधलं पॉलिओलेस्टर तेल ओलावा शोषतं, त्यातून आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसरचं वाइंडिंग खराब होतं, हेही फळ्यावर मांडतात. गॅस सोडून हवा हाकलायची सवय तर ठामपणे मोडून काढतात, कारण एसीतला आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो. हे फार मोलाचं काम आहे.

हीट लोडचं, म्हणजे खोलीतली किती उष्णता एसीला बाहेर काढावी लागेल त्या हिशेबाचं, सत्र मात्र घाईत उरकतं. रावपुऱ्यातली पश्चिमेची, वर तापणारा स्लॅब असलेली खोली आणि तेवढीच खालच्या मजल्यावरची खोली, दोन्हींना एकच टनेज, म्हणजे एसीची तेवढीच क्षमता, कशी चालेल? एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, एवढ्यावर भागत नाही. मे महिन्यात इथली हवा कोरडी, जुलैत दमट. गरजेपेक्षा मोठा एसी पावसाळ्यात खोली पटकन गार करून थांबतो, कॉइलवर पाणी धरायला वेळच मिळत नाही, आणि अंग चिकट राहतं. सायक्रोमेट्रिक चार्टवर, म्हणजे हवेचं तापमान आणि दमटपणा एकत्र दाखवणाऱ्या आलेखावर, हे समजवायला पूर्ण दुपार द्यायला हवी.

व्हॅक्यूम पंप एकच आहे, त्यामुळे मागे उभ्या मुलांना गेज दिसत नाही. तुकड्या लहान कराव्यात. जाणाऱ्यांनी गॉगल आणि हातमोजे स्वतःचे न्यावेत, आणि पंप सुरू व्हायच्या आत पुढची जागा धरावी.