सहा दुकानं, एक पडवी: दर्शनी भाग आखून घेतला त्याचा रिव्ह्यू

धुळ्यात आग्रा रोडला लागून असलेल्या गल्लीत माझं साड्यांचं दुकान आहे. आमच्या रांगेतल्या सहा जणांनी मिळून नाशिकच्या एका आर्किटेक्टबाईंकडून दुकानांच्या दर्शनी भागाची नियमावली करून घेतली आणि तशी कामंही केली. कोणी असा विचार करत असेल तर त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधीची अवस्था सगळ्या बाजारपेठांत असते तीच. एकाचा बोर्ड दोन फूट पुढे, म्हणून शेजाऱ्याचा अडीच. कुठे एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये गाभा असलेली), कुठे फ्लेक्स, मध्येच ताडपत्री. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला खानदेशचं मुख्य ठाणं केलं आणि नवं गाव सरळ रस्त्यांत आखलं; आजही इथे गल्ल्या नंबराने ओळखतात. पण आमच्या गल्लीत उभं राहिलं तर ती सरळ आहे हे दिसायचंच नाही.

आम्हाला वाटलं, बाई थ्रीडी चित्रं दाखवतील आणि सगळ्यांना एक रंग सांगतील. त्या टेप आणि खडू घेऊन आल्या, तेही मे महिन्यात, दुपारी तीनला. आमची रांग पश्चिमेला तोंड करून आहे. ऊन कुठवर आत येतं त्याच्या रेघा त्यांनी फरशीवर मारल्या. माझ्या काउंटरपर्यंत रेघ आली. शोकेसमधल्या साड्या का विटतात, ते वेगळं सांगायची गरज उरली नाही.

त्यामुळे नियमावलीचं पहिलं पान रंगाचं नाही, सावलीचं आहे. रस्त्यावर काही पुढे काढायचं तर महापालिकेची परवानगी लागते, म्हणून शटरच चार फूट आत घ्यायचं आणि सहा दुकानांसमोर सलग पडवी सोडायची. इथेच भांडणं झाली. बाजारातले चार फूट म्हणजे गंमत नाही, एक भाऊ तर बैठकीतून उठूनच गेले. बाईंनी मुंबईच्या दादाभाई नौरोजी रोडचं उदाहरण दिलं. तिथे १८९६ च्या नियमाने प्रत्येक इमारतीला खाली पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट सोडावी लागली. वरच्या इमारती एकीसारखी दुसरी नाही, तरी रस्ता एकसंध वाटतो. शेवटी पाच जण तयार झाले, सहावे पडवीचं काम सुरू झाल्यावर आले.

बाकीचे नियम थोडकेच. ओट्याची उंची सगळ्यांची एक, उतार आपल्याच हद्दीत. गटारीवरची जाळी उचलता येईल अशी. बोर्डाची पट्टी तीन फूट आणि भिंतीला चिकटून. मराठी नाव देवनागरीत आधी आणि इतर अक्षरांपेक्षा लहान नाही, तो तर कायदाच आहे. प्लास्टिकचा गाभा असलेलं स्वस्त एसीपी चालणार नाही, कारण ते पेटतं आणि वायरिंग त्याच्याच मागून जातं. रंग ज्याचा त्याने निवडावा. माझ्या शेजाऱ्याने पोपटी दिलाय. दिला तर दिला.

चुकलं कुठे? शटर ज्यावर गुंडाळलं जातं तो ड्रम बोर्डाच्या पट्टीमागे झाकला, पण पट्टी रिव्हेटने पक्की केली. स्प्रिंग तुटली तेव्हा मिस्त्रीला सगळा बोर्ड उतरवावा लागला. नंतर बिजागऱ्या बसवल्या, त्याचा खर्च आमच्याच माथी. एसीच्या बाहेरच्या युनिटचा विचारच झाला नव्हता. आता ती युनिटं गरम हवा पडवीतच सोडतात. आणि बाई फोन उचलत नाहीत, मेसेजला मात्र रात्री उत्तर देतात.

पण लग्नसराईत फरक कळला. साक्री-शिंदखेड्याकडून बस्त्याला माणसं येतात ती गाडी भरून. खरेदी पाचसहा जणी करतात, बाकीचे बाहेर. आधी ते समोरच्या झाडाखाली जायचे आणि घाई करायचे. आता अहिराणीत "आठे सावली शे" (इथे सावली आहे) म्हणत ओट्यावरच बसतात, आणि आतल्या बायकांना निवांत दहा साड्या जास्त उलगडून बघता येतात. चार फुटांचा हिशोब मी तिथे लावतो.

पाचपैकी चार. फी दुकानाच्या चौरस फुटावर न ठरवता दर्शनी लांबीवर ठरवून घ्या, नाहीतर मागच्या गोदामाचेही पैसे लागतात. आणि शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवा; पन्हळ गळते की नाही ते तेव्हाच कळतं.