अ‍ॅरे घ्यावा की हॅश टेबल? आधी सांगा, शोधणार कशावरून

इंदूरला रामबागेत राहणारी माझी भाची डब्यांच्या ऑर्डरींचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम लिहितेय. "मामा, हॅश टेबल फास्ट असतो ना? मग सगळीकडे तोच वापरू?" मी म्हटलं, आधी सांग, शोधणार कशावरून? अ‍ॅरे म्हणजे माहिती ठेवायची ओळीने क्रमांक लावलेली घरं; हॅश टेबल म्हणजे नावावरून किंवा नंबरावरून घर शोधून देणारी रचना.

पिनकोडवार डबे मोजायचे असतील तर अ‍ॅरे. शहरातले पिनकोड ४५२० ने सुरू होतात, बदलतात ते शेवटचे दोन आकडे. १०० घरं पुरे. ४५२००९ म्हणजे सरळ ९ क्रमांकाचं घर. पत्ता काढायला एक गुणाकार, एक बेरीज. शिवाय घरं मेमरीत खेटून असतात. प्रोसेसर एका खेपेत बहुधा ६४ बाइट कॅशमध्ये (त्याच्या जवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) ओढतो, त्यामुळे लाखो आकड्यांची बेरीज भराभर उरकते.

मोबाइल नंबरावरून गिऱ्हाईक शोधायचं म्हटलं की ही युक्ती आपटते. दहा आकड्यांसाठी १,००० कोटी घरं, एकेक ८ बाइटचं धरलं तरी ८० जीबी. आणि गिऱ्हाइकं किती, तर तीनशे! इथे हॅश टेबलच. तो नंबरावर गणित करून छोटा घर-क्रमांक काढतो. दोन नंबर एकाच घरावर आले की त्यांची सोय लावावी लागते, म्हणून बरीच घरं रिकामी ठेवतात. जावा भाषेतला हॅश टेबल, म्हणजे हॅशमॅप, १६ घरांनी सुरू होतो, पाऊण भरला की दुप्पट होतो आणि सगळ्या नोंदी नव्याने बसवतो. एरवी शोध झटकन. फारच टकरा झाल्या तर मात्र रखडतो.

"मागच्या आठवड्यातल्या ऑर्डरी दाखव" म्हटलं की हॅश टेबल ढिम्म, कारण त्यात नोंदी तारखेच्या क्रमाने नसतात. (पायथन भाषेतला हॅश टेबल, म्हणजे डिक्शनरी, ३.७ आवृत्तीपासून क्रम राखते खरी, पण तो नोंदी घातल्याचा क्रम.) तारखेने लावलेल्या अ‍ॅरेत बायनरी सर्च (दरवेळी मधली नोंद बघून अर्धा भाग सोडून देणं) लाख नोंदींतून १७ तुलनांत जागा दाखवतो. ऑर्डरी तारखेनेच येतात, तेव्हा नवी नोंद शेवटी जोडली की झालं.

नोंदी वीस-पंचवीसच असतील तर साधा अ‍ॅरे, वरून खाली शोधत जा. उगाच डोकं शिणवू नका.

भाचीने दोन्ही घेतले: गिऱ्हाइकांच्या नोंदी अ‍ॅरेत, आणि मोबाइल नंबरावरून अ‍ॅरेतला घर-क्रमांक सांगणारा हॅश टेबल. कुणी डबा बंद केला की शेवटची नोंद त्या जागी येते आणि हॅश टेबलमध्ये तिचा क्रमांक बदलावा लागतो. पहिल्यांदा ती हे विसरली, तर एकादशीची साबुदाण्याची खिचडी भलत्याच दारी पोचली.