कोठ्यातल्या वर्कशॉपसाठी सेकंडहँड कटर: जुनी बिडाची की पोर्टेबल?

घरी छोटं वर्कशॉप थाटायचं आणि खिशाला सेकंडहँडच परवडतं, तेव्हा आपल्या भागात दोनच मशिनी समोर येतात. एक, सुताराच्या दुकानातून निघालेली, बिडाच्या टेबलाची, पट्ट्यावर चालणारी लाकूड चिरायची कटर. दुसरी, नागपूर-अमरावतीच्या इंटिरियरवाल्यांनी वापरून विकायला काढलेली पोर्टेबल टेबल सॉ. मी दोन्ही वापरल्या. पोर्टेबल दीड वर्ष होती. आता परतवाड्याजवळच्या एका मिस्त्रींकडून आणलेली बिडाची आहे, तिला तिसरं वर्ष लागलं. आमचं गाव अचलपूर तालुक्यात, आणि वर्कशॉप म्हणजे बैल विकल्यावर रिकामा झालेला कोठा. काम घरापुरतंच: पाट, दिवाण, दारं, कधी शेजाऱ्याची खिडकी.

पोर्टेबलचं चांगलं आधी सांगतो. काम झालं की भिंतीशी उभी करता येते, एकट्याला उचलता येते. प्लाय आणि पातळ पट्ट्या असं काम असेल तर ती पुरते. शिवाय तिची मोटर मिक्सरसारखी कार्बन ब्रशची, त्यामुळे कमी व्होल्टेजलाही ती फिरते, जरा मंद एवढंच. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज 180 वर येतं. अशा वेळी बिडाच्या मशीनची इंडक्शन मोटर नुसती घूं करत बसते. सुरू होतानाचा तिचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 230 च्या जागी 180 मिळालं की तो साधारण 61 टक्केच उरतो, आणि तेवढ्यात पट्टा-ब्लेड हलत नाही. ज्यांना संध्याकाळीच वेळ मिळतो त्यांनी याचा आधी विचार करावा. मी काम सकाळवर नेलं, सगळ्यांना ते जमेलच असं नाही.

माझ्या पोर्टेबलची फेन्स, म्हणजे फळी जिला टेकवून सरळ ढकलतात ती पट्टी, घट्ट करताना मागच्या टोकाला ब्लेडकडे कलायची आणि सागवानाच्या कडेवर काळे डाग पडायचे. पण पुढून-मागून मोजून मग आवळली की भागायचं. त्यापायी मी मशीन बदलली नसती.

बदलली ती लाईनपायी. वैशाखातली दुपार, चार फुटी फळी अर्धी चिरून झाली आणि लाईन गेली. फळी ब्लेडमध्ये तशीच ठेवून मी जेवायला घरात गेलो. खटका चालूच राहिला. अर्ध्या तासानं लाईन आली, रिकाम्या कोठ्यात मशीन आपोआप सुरू झाली आणि फळी मागे फेकली जाऊन दाराच्या टिनावर आदळली. त्याच दारातून थोड्या वेळापूर्वी माझी मुलगी पाण्याचा गडवा घेऊन आली होती. त्या आवाजानंतर मला दोन दिवस कोठ्यात पाय टाकवला नाही.

खटका बंद करायची, पिन काढायची सवय लावून घेतली. पण वादळाच्या दिवसांत लाईन चार-चारदा जाते, तिथं माणूस एखाद्या वेळी विसरणारच. बऱ्याच पोर्टेबलना लाईन गेल्यावर आपोआप सुटणारा स्विच असतो, हे मान्य. माझीला नव्हता, आणि तिच्या प्लास्टिकच्या बॉडीत दुसरा बसत नाही म्हणून शहरातल्या दुरुस्तीवाल्यानं ती तशीच परत दिली. घेताना एवढं तपासा: ब्लेड टेबलाखाली उतरवा, मशीन चालू करा, भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा लावा. ती गप्प राहिली तर घ्यायला हरकत नाही.

बिडाच्या मशीनलाही मिस्त्रींकडे साधाच खटका होता. तो काढून मी पंपाला लावतात तसला सिंगल-फेज डीओएल (मोटर थेट लाईनवर सुरू करणारा) स्टार्टर बसवला. लाईन गेली की त्याची कॉइल सोडते, आणि लाईन आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. ओव्हरलोड रिले, म्हणजे मोटरनं जास्त करंट ओढला की ती बंद पाडणारा भाग, मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर लावली. व्होल्टेज फार पडलं की स्टार्टर पकडतच नाही, म्हणजे वाइंडिंगही वाचतं. हे काम गावातल्या पंप दुरुस्तीवाल्यानं तासाभरात केलं. पट्टा बिघडला तर चक्कीवाल्याकडे मिळतो, बेअरिंग तालुक्याला.

बाकी ही मशीन लावायला दोन रविवार जातात. आणायला ट्रॅक्टर आणि चार माणसं लागली. घेताना पट्टा काढून शाफ्ट हातानं हलवून बघा. खेळ जाणवला तर बेअरिंगचा खर्च धरा. मोटरची पाटी वाचा. माझी मिनिटाला 1440 फेऱ्यांची, तिची पुली 6 इंची आणि शाफ्टची 3 इंची, म्हणजे ब्लेडचे फेरे 2880 च्या आसपास. कुणी मध्येच 2880 ची मोटर चढवली असेल तर तेच फेरे दुप्पट होतात, आणि ब्लेडवर लिहिलेली मर्यादा बघावी लागते.

मग ब्लेड टेबलाच्या खाचेला समांतर आहे का बघायला पिन काढून ब्लेडच्या एका दातावर खूण करा, खाचेपासून तो दात पुढे मोजा, ब्लेड फिरवून तोच दात मागे मोजा. फरक आला तर बेअरिंगचे नट सैल करून शाफ्ट सरकवायचा. माझा फरक दीड मिलिमीटर होता, तो जाईपर्यंत दुपार झाली. गार्ड आणि ब्लेडमागचा चाकू (चिरलेली फट उघडी ठेवणारा पत्रा) या जुन्या मशिनींना बहुधा नसतोच, पण त्याशिवाय सागवान चिरू नका, फळी मिटून ब्लेडला धरते. माझ्या ब्लेडचे दात 3.2 मिलिमीटर रुंद आणि चकती 2.2, म्हणून वेल्डरकडून 2.5 च्या पत्र्याचा चाकू करून घेतला. माझ्या मशीनमध्ये ब्लेड जागेवर राहतं आणि टेबल वर-खाली होतं, त्यामुळे तो चाकू खालच्या फ्रेमला एकदा बसवला की ब्लेडपासूनचं अंतर बदलत नाही.

कोठा नसेल, भाड्याचं घर असेल, तर पोर्टेबलच घ्या, फक्त ती स्विचची तपासणी चुकवू नका. जागा असेल आणि सकाळी काम करता येत असेल, तर माझं मन बिडाकडे झुकतं. जड टेबलावर लांब फळी ढकलताना मशीन जागची हलत नाही, हा आणखी एक भाग.

स्टार्टर घेताना दुकानदार सवयीनं विचारेल, ऑटो लावून देऊ का? शेतपंपाला लोक तो लावतात, लाईन येताच पंप आपोआप चालू व्हावा म्हणून. लाईन येताच सगळे पंप एकदम सुटतात आणि रोहित्रावर ताण पडतो, म्हणून महावितरण तोही काढायला सांगते. कटरसाठी त्याला आधीच सांगा, ऑटो नको.