परत येणारे पाणी : होडीतील बिल्ज पंपाचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जुलैमधील एका रविवारी सकाळी मी गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर गेलो, तेव्हा आमची १४ फुटी फायबरची होडी मागच्या बाजूने इतकी दबली होती की मागची फळी पाण्याच्या वर जेमतेम चार बोटे उरली होती. शनिवारी दिवसरात्र पाऊस होता हे खरे. परंतु त्याच पावसासाठी महिन्यापूर्वी आपोआप चालू-बंद होणारा बिल्ज पंप, म्हणजे होडीच्या तळात साचलेले पाणी बाहेर फेकणारा पंप, बसवला होता आणि शुक्रवारी संध्याकाळी बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवली होती. रामकुंडावरचा पूर नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात, तसा मी होडीतला पाऊस मधल्या बाकाच्या पायावर रंगवलेल्या खुणांनी मोजतो. त्या दिवशी पाणी सर्वांत वरच्या खुणेला लागले होते आणि बॅटरीत दिवा पेटवण्याइतकाही जीव नव्हता. पुढचे दोन तास डब्याने पाणी उपसताना मी विक्रेत्याला लिहायच्या तक्रारीची वाक्ये मनात जुळवत होतो.

होडी हौसेची नाही. द्राक्षबागेला पाणी देणाऱ्या आमच्या पंपाचा फुटबॉल, म्हणजे पुस्तकी भाषेतला फूटव्हॉल्व्ह (पाणी खेचणाऱ्या पाइपच्या तळाची एकेरी झडप), फुगवट्यात आहे आणि त्याची जाळी साफ करायला वल्हे मारत जावे लागते. इंजिन नाही, त्यामुळे तळातल्या पाण्यात तेल मिसळत नाही. नाशिक शहर हेच पाणी पिते, तेव्हा ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. होडी गळतही नाही. प्रश्न केवळ पावसाचा आहे. वरून उघडी जागा सुमारे ५ चौरस मीटर धरली, तर १०० मिलिमीटर पावसात ५०० लिटर, म्हणजे अर्धा टन पाणी आत साचते.

हा हिशेब मी पंप घेण्याआधी केला असता तर बरे झाले असते. ५०० आणि १,१०० गॅलनच्या पंपांच्या किमतीत फारसा फरक नाही, एवढेच पाहून मी मोठा पंप मागवला. ताशी १,१०० गॅलन म्हणजे मिनिटाला सुमारे ६९ लिटर. परंतु हे आकडे पाणी अजिबात वर न चढवता मोजलेले असतात. पन्हाळीदार नळी जोडून मी १५ लिटरची बादली घड्याळ लावून भरली, तेव्हा २२ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला ४१ लिटर. यात फसवणूक नाही, मात्र डब्यावरचा आकडा वाचून कोणी निश्चिंत होऊ नये. पाण्याच्या पातळीखाली एक फुटावर २५ मिलिमीटरचे भोक पडले, तर तेवढ्यातूनच मिनिटाला ४० लिटरच्या आसपास पाणी आत येते. असा पंप पाऊस उपसण्यासाठी आहे, फुटलेली होडी तारण्यासाठी नव्हे.

विक्रेत्याशी अकरा दिवस वाद झाला. त्यांनी चित्रफीत मागितली, मी पाठवली. बादलीत पंप उत्तम चालत होता, त्यामुळे त्यांनी बॅटरीला दोष दिला आणि मी त्यांना. अखेरीस त्यांनी पंप आणि फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगत पंप चालू-बंद करणारे बटण) दोन्ही बदलून दिले. नव्या जोडीनेही दीड दिवसात बॅटरी संपवली, तेव्हा मात्र मी रात्री टॉर्च आणि घड्याळ घेऊन होडीत बसून राहिलो.

पंप पाच सेकंद चालला आणि थांबला. नळीतून गुळगुळ आवाज करत पाणी खाली उतरले, फ्लोट उचलला गेला आणि पंप पुन्हा सुरू झाला. बाहेर पावसाचा थेंब नव्हता. मिनिटातून चार वेळा तेच दीड-दोन लिटर पाणी वर जात होते आणि खाली येत होते.

कारण माझ्या काटकसरीत होते. मागच्या फळीला नवे भोक पाडायला नको, म्हणून मी मध्यावरच्या जुन्या छिद्रापर्यंत २.७५ मीटर नळी चढत नेली होती. २८ मिलिमीटर व्यासाच्या एवढ्या नळीत १.७ लिटर पाणी मावते. पंप ज्या खड्ड्यात बसतो तो २० सेंटिमीटर लांबरुंद. पंपाने व्यापलेली जागा वजा केली तर परतणाऱ्या पाण्याने तिथली पातळी पाच सेंटिमीटरच्या आसपास चढते. आमचा फ्लोट पाच सेंटिमीटरला पंप चालू करतो आणि दोनला बंद करतो. उरलेले दोन आणि परतलेले पाच, म्हणजे सात. पंप थांबणार तरी कसा?

वायरमनचा पहिला उपाय फ्लोटखाली लाकडी ठोकळा देण्याचा होता. तो फसला, कारण ठोकळ्याने चालू आणि बंद होण्याच्या दोन्ही पातळ्या सारख्याच वर सरकतात आणि खड्ड्याच्या भिंती सरळ असल्याने त्यांच्यातले अंतर तेवढेच राहते. मग तो म्हणाला, "अण्णा, विहिरीला फुटबॉल लावता, मग इथं एनआरव्ही का नको?" एनआरव्ही म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. मलाही ते पटले आणि पितळी एनआरव्ही नळीत बसवला. आठवडाभर समाधान टिकले. त्यानंतर पंप नुसता गुणगुणायचा आणि पाणी फेकत नसे. खड्ड्यातली पातळी उतरली की पंपात हवा शिरते. वर झडपेवर पाण्याचा स्तंभ उभा असल्याने ती हवा नळीतून निघून जाऊ शकत नाही, आणि पंख्याच्या पंपाला हवेच्या जोरावर झडप ढकलता येत नाही. विहिरीत फुटबॉल मोटरच्या खाली असतो आणि पंप भरलेला ठेवतो. इथे झडप पंपाच्या वर होती. एनआरव्ही लावू नये असे पंपासोबतच्या कागदावर छापलेलेही होते, पण मुंगीएवढ्या अक्षरांत.

शेवटी ऑगस्टमध्ये फळीला भोक पाडलेच. बाहेरचे तोंड दोन माणसे बसल्यावरही पाण्यापासून वीतभर वर राहील असे घेतले. ते बुडाले तर धरणाचे पाणी उलटे होडीत येईल. आतून गुळगुळीत असलेली १.१ मीटर नळी लावली. आता परतणारे पाणी ०.७ लिटर, पातळीची वाढ दोन सेंटिमीटर, आणि फ्लोट स्वस्थ. तीच बादली १७ सेकंदांत भरते. वायरिंगबद्दल एवढेच सांगतो : बॅटरीजवळ फ्यूज हवाच आणि तारांचे जोड खड्ड्याच्या बरेच वर हवेत, माझा टेप गुंडाळलेला पहिला जोड दीड महिन्यात हिरवा पडला होता.

त्यानंतर गोडी छाटणीपर्यंतचा, म्हणजे पावसाळ्याअखेरच्या द्राक्षछाटणीपर्यंतचा, सगळा पाऊस या पंपाने विनातक्रार काढला. मधल्या काळात एकदा बागेतली सुतळी बिल्ज पंपाच्या जाळीत अडकली, तोही दोष माझाच. विक्रेत्याबद्दल जुलैत लिहिलेले शब्द मी मागे घेतो.

मोठ्या पंपाबद्दलचे मत मात्र बदलले. ५०० गॅलनच्या पंपाला १९ मिलिमीटरची नळी लागते. ती जुन्या छिद्रापर्यंत २.७५ मीटर नेली असती, तरी तिच्यात पाऊण लिटरच्या थोडेच वर पाणी राहिले असते आणि फ्लोट हलला नसता. तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तरी आत येणारे पाणी मिनिटाला चार लिटरच. लहान पंपाने ते सहज काढले असते. ना भोक, ना नवी नळी, ना एनआरव्हीचे साडेतीनशे रुपये. तो एनआरव्ही आता ठिबकच्या पाइपवर बसवला आहे आणि तिथे तो चोख काम करतो.